चाळीस रत्तलांची मोटर

रेवदंडा,
ता. २ नोव्हेंबर १९३३

चि. अंबाजी यास केसरबायचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. उत्तर लगेच लिहिणार होते, पण घरात असं काही झालं की हातात टाक धरवेना.

गेल्या मंगळवारी साळावची भागुबाई ह्यांच्या होडीत गेली. बाळंतपणात अडली होती. सुईण म्हणाली, माझ्याच्यानं होणार नाही, पलीकडे रेवदंड्याच्या डॉक्टरांकडे न्या. तिला घेऊन हे आणि शेजारचा रावजी निघाले तेव्हा ओहोटी जोरात होती आणि वाराही तोंडावर. शीड उपयोगाचं नव्हतं. दोघांनी वल्ही मारली. एरवी पाव तासाची खाडी, तिला सव्वा तास लागला. मध्यावर बाई शांत झाली. ह्यांना वाटलं कळा थांबल्या.

त्या दिवसापासून हे नीट जेवत नाहीत. म्हणतात, "चार हात होते आमचे, केसर. चार हातांना खाडी हालली न्हाय." काल मला म्हणाले, "तुझा भाव कराचीला एवढी विजेची यंत्रं बांधतो. त्याला विचार, होडी ढकलील असं एखादं हाय का? आमच्या होडीत मावंल एवढं."

मी आपलं विचारते. तुला हसू येईल तर ये. पण त्यांना दोन ओळी लिही, म्हणजे त्यांचं मन वळेल.

तुझी बहीण,
सौ. केसर


कराची,
ता. १९ नोव्हेंबर १९३३

ती. सौ. केसरबाय हिचे सेवेशी अंबाजीचा साष्टांग नमस्कार.

मला हसू आले नाही. पत्र वाचल्यावर तारेचे रीळ बाजूला ठेवून मी तासभर कागदावर आकडे मांडत बसलो. मालकांनी विचारले, काय चालले आहे? मी म्हटले, घरचे काम.

विठोबा भावोजींना वाचून दाखव. दोन गड्यांची वल्ही ओहोटीपुढे हरतात, तेथे दहा गड्यांचा जोर हवा. म्हणजे दोन घोड्यांची मोटर. ती आमच्या कारखान्यात रोज दुरुस्तीला येते, पण तिचे वजन दीडशे रत्तल. तुमच्या होडीत ती ठेवली तर माणसे कोठे बसवणार? तेलाचे इंजिन त्याहून जड आणि त्याच्या हादऱ्याने होडीचे सांधे सुटतील. तेव्हा मोटर मलाच बांधावी लागेल, आणि लहान बांधावी लागेल.

लहान मोटरीकडून मोठे काम घ्यायचे तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे तिला फार जोरात फिरवायची आणि मग दात्यांच्या चक्रांनी तो वेग उतरवून पाण्यातल्या पंख्याला द्यायचा. दुसरी म्हणजे तिच्या तारेतून पुष्कळ वीज न्यायची. पण वीज दुप्पट केली की उष्णता चौपट होते. तारेवर सूत असते, तार ज्या खाचेत बसते तेथे रोगण लावलेल्या कापडाचे थर असतात. ते जळले की मोटर संपली. सगळा खेळ त्या उष्णतेशी आहे.

खाडी पाव तासाची आहे, हे मात्र आपल्या पथ्यावर. पाव तास राबायचे आणि मग निवायचे, एवढेच तिला जमले तरी पुरे. मला एक वर्ष द्या.

वीज बॅटऱ्यांतून घेऊ. त्या भरायला बाळाजीशेठच्या भातगिरणीच्या इंजिनाला पट्टा लावून एक लहान डायनामो बसवता येईल. शेठना विचारून ठेवा.

आपला,
अंबाजी


कराची,
ता. २६ ऑगस्ट १९३४

ती. सौ. केसरबाय हिस अंबाजीचा साष्टांग नमस्कार.

मोटर तयार झाली! वजन चाळीस रत्तल. मालकांनी स्वतः तराजूवर ठेवून पाहिले आणि म्हणाले, "अंबाजी, बाकीची कुठे आहे?" या वर्षातले सगळे रविवार तिच्यात गेले. पहिल्या दोन जळाल्या, हे तुला कळवले नव्हते.

जागा मिळवण्यासाठी एक गोष्ट केली. खाचेत कापडाचे तीन थर घालतात, मी दोनच घातले आणि त्या जागी जाड तार बसवली. पाव तासाच्या कामाला दोन पुरतात.

ती, डायनामो आणि चार बॅटऱ्या आगबोटीने मुंबईस व तेथून गलबताने रेवदंड्यास येतील. बसवण्याची रीत चित्रे काढून सोबत दिली आहे. बॅटऱ्या जड आहेत, एकेक पंचेचाळीस रत्तलांची. होडी भरती-ओहोटीत हलकी हवी, नाहीतर मोटरीवर ओझे येऊन ती तापेल. तेव्हा डोलकाठी, शीड आणि वल्ही घरी काढून ठेवावीत. नांगरही लहान घ्यावा. भावोजी कुरकुरतील, पण त्यांना सांग की एकेक रत्तल मी तांब्यातून आणि लोखंडातून कसे काढले ते मला ठाऊक आहे. ते पुन्हा लाकडाच्या रूपाने होडीत भरू नका.

सोबत एक फॅरनहाइटचा उष्णतामापक आहे. मोटरीच्या डब्याला वर भोक आहे, त्यात तो घालून पाव तासानंतरचा आकडा लिहून कळवणे. १६० च्या वर जाता कामा नये. एका फेरीनंतर पाऊण तास विसावा द्यायचा, हे मात्र देवाच्या नेमासारखे पाळायचे.

अंबाजी


रेवदंडा,
ता. ७ ऑक्टोबर १९३४

चि. अंबाजी यास आशीर्वाद.

तू इथे असायला हवा होतास रे. सगळा कोळीवाडा बंदरावर लोटला होता. ह्यांनी मोटरीला हळद-कुंकू लावायला लावलं, नारळ फोडला आणि कळ दाबली. आधी काही झालं नाही. रावजी म्हणाला, "झोपली वाटतं." मग मागचं पाणी एकदम पांढरं झालं आणि होडी अशी सुटली की हे मागच्या मागे बसले! ऐन ओहोटीत गेले आणि अकरा मिनिटांत पलीकडे. तिथून हात हलवत होते, इतक्या लांबून मला त्यांचे दात दिसत होते.

पाच मिनिटांनी त्यांनी आकडा घेतला तो ११८. पाव तासाने १४६. मग पुढच्या दिवसांचे १५१, १४९, १५८. हवा ८४-८५ असते. सगळे त्यांनी स्वतः लिहून ठेवलेत, मी फक्त उतरवून घेतले.

वल्ही काढायला हे तयार नव्हते. म्हणाले, "वल्ह्याबिगर होडी म्हंजे हाताबिगर मानूस." मी म्हटलं, अंबाजीनं बजावलंय. मग काढली. पडवीत उभी करून ठेवलीत.

गेल्या शुक्रवारी एका पोराला साप चावला होता, त्याला वेळेत पलीकडून आणला. तो जगला. त्या दिवशी हे पोटभर जेवले. एवढं तुला कळवायचं होतं.

तुझी,
सौ. केसर


कराची,
ता. २१ ऑक्टोबर १९३४

ती. सौ. केसरबाय हिस नमस्कार.

पत्र मी तीनदा वाचले, एकदा मालकांना मोठ्याने. तो पोर जगला हे वाचून माझ्या वर्षाचे सोने झाले.

१५८ हा आकडा मात्र मला टोचतो आहे. डबा १५८ तर आत तार दोनशेच्या वर. विसावा कमी पडतो आहे का? दर आठवड्याला आकडे पाठव, हवेचा आणि डब्याचा. इतका त्रास दे भावोजींना.

इकडे दिघीचा इसहाक म्हणून एक खलाशी ओळखीचा झाला आहे. बाप वारल्यामुळे नोकरी सोडून घरी जायचे म्हणतो. तुमच्यासारखीच त्यांचीही आगरदांडा ते दिघी माणसे पलीकडे नेण्याची तर आहे. मोटर पाहून वेडा झाला आहे. त्याच्यासाठी एक बांधावी असे मनात आहे, पण तुमचे आकडे काय येतात ते पाहून ठरवीन.

अंबाजी


रेवदंडा,
ता. ९ डिसेंबर १९३४

चि. अंबाजी यास आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. मला ताप होता. आता बरी आहे.

आकडे मागितलेस ते देते. हवा ७०, डबा ११८. दुसऱ्या आठवड्यात हवा ७२, डबा ११८.

होडी ठीक आहे. काळजी करू नये. तू जेवणखाण वेळेवर करत जा. आई गेली तेव्हा तू तीन महिने उठला नव्हतास, शेजाऱ्यांनी तुला भरवलं, ते मला अजून आठवतं. तिकडे तुझं कोणी नाही.

केसर


कराची,
ता. २३ डिसेंबर १९३४

ती. सौ. केसरबाय हिस नमस्कार.

तापातून उठलीस हे वाचून जीव भांड्यात पडला. जपून राहा, भावोजींनाही सांग की माझ्या बहिणीला पाण्यात फार राबवू नका.

११८! मी वेडाच झालो. आधी वाटले चूक असेल, पण दोन्ही आठवडे तोच आकडा. म्हणजे वंगण मुरले, चक्रांचे दाते घासून नीट बसले आणि मोटरीवरचे ओझे उतरले. केसरबाय, याचा अर्थ असा की अजून पुष्कळ जागा शिल्लक आहे. मी उगीच भीत होतो. इसहाकची मोटर बांधायला घेतली आहे. तिच्यात कापडाचा एकच थर घालतो आणि तार आणखी जाड. बत्तीस रत्तलांत बसेल.

भावोजींच्या हातची एक ओळ तरी पाठव. ते हल्ली मला काहीच लिहीत नाहीत, रागावले आहेत का?

अंबाजी


रेवदंडा,
ता. १७ फेब्रुवारी १९३५

चि. अंबाजी यास आशीर्वाद.

ते रागावलेले नाहीत.

हवा ७५, डबा ११८.

इसहाकच्या मोटरीची घाई करू नकोस. आमच्या मोटरीवरून त्याची ठरवू नकोस, खाडी वेगळी, होडी वेगळी. आणि त्याला वल्ही होडीत ठेवायला सांग. डोलकाठीसुद्धा. एवढं माझं ऐक. मी शिकलेली तिसरीपर्यंत, मला तुझ्या यंत्रातलं कळत नाही, पण होडीतलं कळतं.

केसर


कराची,
ता. १० मार्च १९३५

ती. सौ. केसरबाय हिस नमस्कार.

तुझे पत्र वाचून भावोजींचाच आवाज ऐकू आला. वल्ह्यांवरून ते अजून कुरकुरतात वाटते! त्यांना सांग, ज्याला वल्ही हवीत त्याने मोटर घेऊ नये. दोन्ही ओझी वाहायची तर मग मी कशासाठी झिजलो?

इसहाक काल मोटर घेऊन गेला. बत्तीस रत्तल, केसरबाय. माणूस खांद्यावर टाकून चालत गेला. माझ्या हातून याहून चांगले काम झालेले नाही.

अंबाजी


रेवदंडा,
ता. २१ एप्रिल १९३५

चि. अंबाजी यास आशीर्वाद.

उन्हाळा फार आहे. हवा ९१, डबा ११८.

इसहाककडून काही कळलं का?

केसर


कराची,
ता. १ मे १९३५

केसरबाय,

तुझी पत्रे मी काल सगळी काढून एकाखाली एक मांडली. डिसेंबरात हवा ७० आणि डबा ११८. एप्रिलात हवा ९१ आणि डबा ११८. हवा एकवीस अंशांनी तापली आणि मोटर एकानेही नाही. असे होत नाही. जी मोटर चालते तिचा आकडा रोज हलतो, ऑक्टोबरात तुमचा हलत होता. हे मला फेब्रुवारीत कळायला हवे होते. मला चांगला आकडा हवा होता म्हणून मी पाहिले नाही.

मग आणखी एक दिसले. ऑक्टोबरपर्यंत तू "सौ. केसर" अशी सही करत होतीस. त्यानंतर एकाही पत्रावर नाही.

मी हे पत्र काय म्हणून सुरू करावे ते मला कळले नाही, म्हणून वर नुसते नाव लिहिले आहे.

काय झाले ते लिही.

अंबाजी


रेवदंडा,
ता. ९ मे १९३५

अंबाजी,

कार्तिकी पुनवेला झालं. जत्रेची माणसं साळावला जायला आमच्या धक्क्यावर अडकली होती, उधाणाची ओहोटी लागली होती. ह्यांनी एक फेरी केली, मग दुसरी. तू सांगितलेला विसावा दिला नाही. मी धक्क्यावरच होते. मी म्हटलं, "थांबा की जरा, अंबाजीनं सांगितलंय." म्हणाले, "पोरंटोरं उन्हात बसलीत, केसर. एक डाव सोडतो आनि मग बसतो." तिसऱ्यांदा माणसं साळावला उतरवून रिकामे परत निघाले. मध्यावर आले आणि मागून धूर निघाला. काळा नव्हता, पिवळट होता. होडी थांबली.

आधी आम्ही काठावरचे हसलो. रावजी म्हणाला, "झोपली पुन्हा." मग होडी आडवी झाली आणि खाडीच्या मुखाकडे जायला लागली. ह्यांनी नांगर टाकला. लहान होता, रुतला नाही. मग त्यांनी बसायची फळी उखडली आणि तिनं पाणी मारायला लागले. बसून नाही, गुडघ्यावर. अंबाजी, मला सगळं दिसत होतं. ऊन होतं, पाणी चमकत होतं, आणि माझा माणूस फळीनं खाडी मारत होता, आणि त्याची वल्ही माझ्या पडवीत उभी होती.

रावजीने आपली होडी लोटून पाहिली, पण ती रेतीवर होती, हलली नाही. मुखावर लाट फुटते तिथे होडी एकदा वर आली. त्यानंतर दिसली ती उलटी.

तिसऱ्या दिवशी ते कोर्लईच्या बाजूला सापडले. होडी तिथेच रेतीत होती, मोटर तिला तशीच बांधलेली.

तू विचारशील, मग का लपवलंस. आई गेली तेव्हाचं तुझं आठवलं, हे खरं. पण तेवढंच नाही. त्या पहिल्या महिन्यात मी लिहिलं असतं तर तुला मारायलाच लिहिलं असतं. वल्ही काढा असं तू लिहिलं होतंस आणि काढायला मी लावली होती. ते नको म्हणत होते. मला वाटलं, राग जरा निवला की लिहीन. तो निवला नाही, आणि प्रत्येक पत्रात तू सौ. लिहायचास, की मग त्या दिवशी लिहिणं व्हायचं नाही. ११८ हा आकडा त्यांनी पहिल्या दिवशी स्वतः घेतलेला होता. त्यांच्या हातचा म्हणून तोच लिहीत गेले. हवेचा मात्र खरा असायचा. उष्णतामापक मी पडवीत टांगलाय.

त्यावरून तू दुसरी बांधशील हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं तेव्हाही मी आडून आडून लिहिलं.

केसर


कराची,
ता. १६ मे १९३५

केसरबाय,

भावोजींबद्दल मी आज काही लिहू शकत नाही. लिहीन. आज दुसरेच निकडीचे आहे.

इसहाकच्या मोटरीत एकच थर आहे. ती तुमच्या मोटरीहून लवकर जळेल. त्यालाही मी वल्ही आणि डोलकाठी घरी ठेवायला सांगितले होते, तेच शब्द, तेच चित्र. मी मुरूडला तार केली आहे, "मोटर बंद करा." दिघीपर्यंत कोण पोचवील, कधी पोचवील, ठाऊक नाही. पत्रही टाकले आहे. मी आगबोटीने निघालो तरी आठ दिवस लागतील.

तू जवळ आहेस. मला मागण्याचा अधिकार नाही. तरी मागतो. जा.

अंबाजी


रेवदंडा,
ता. २९ मे १९३५

अंबाजी,

जाऊन आले.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी निघाले. साळावहून नांदगावपर्यंत एक बैलगाडी मिळाली, पुढे चालत. दुसऱ्या दिवशी दुपारी आगरदांड्याला पोचले. इसहाकची होडी माणसांनी भरली होती, नऊ माणसं आणि दोन बकऱ्या. तो कळीशी वाकला होता. मी हाक मारली, अंबाजीची बहीण म्हणून सांगितलं. आनंदाने उडी मारून पुढे आला.

"या बाय, या! तुमच्या भावाची मशीन बघा. घोड्यासारखी पळते. सारी दिघी खूश आहे."

मी विचारलं, तार मिळाली नाही का? म्हणाला, "मिळाली ना. मला वाटलं, अंबाजीला दुसरं गिऱ्हाईक भेटलं, आता परत मागतो. मी कशाला देऊ?"

मी म्हटलं, ही जळेल. तो हसला. "अडीच महिने झाले, बाय. जळायची तर जळली असती. अंबाजी भित्रा आहे." होडीतली माणसंही ओरडायला लागली, की बाई बाजूला हो, ऊन लागतंय.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी होडीत जाऊन बसले. म्हटलं, "चल मग. मलाही ने. माझ्या घरी वाट बघणारं आता कोणी नाही."

त्याची आई, मासूमाबाय, धक्क्यावर खजुराच्या पाटीशी बसली होती. ती उठली. "असं का बोलतेस, बाय? तुझा घरवाला?"

तेव्हा मी सांगितलं. त्या सगळ्यांच्या देखत, धुरापासून फळीपर्यंत. आमच्या वाडीत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मला कधी कोणाला सांगावं लागलं नव्हतं. तोंडाने ते मी पहिल्यांदा बोलले. कोणी घाई केली नाही. बकऱ्या तेवढ्या ओरडत होत्या.

मासूमाबाय होडीत उतरली, इसहाकचा दंड धरला आणि त्याला बाहेर ओढून काढलं. दाढीमिशीचा माणूस, पण लहान पोरासारखा गेला. मग त्याने खाली मान घालून मोटरीचे बोल्ट सोडले. धक्क्यावरच्या दुसऱ्या होडीतली वल्ही मागून आणली. माणसं वल्ह्यांवर पलीकडे गेली, कुरकुरत.

त्या रात्री मी त्यांच्याकडेच राहिले. जेवताना मासूमाबायनं विचारलं, "नवंबरात झालं ना हे? मग माझा इसहाक मार्चात ती मशीन घेऊन आला, तेव्हा तू गप्प का राहिलीस?" आवाज चढवला नाही तिने. पुन्हा भाकरी वाढली.

इसहाकची मोटर आणि आमची, दोन्ही एका खोक्यात घालून तुझ्याकडे पाठवल्या आहेत. आमच्यातली रेती मी धुतलेली नाही.

केसर


कराची,
ता. ८ सप्टेंबर १९३५

केसरबाय,

खोके जुलैत आले. उघडायला मला बरेच दिवस लागले.

इसहाकची आधी उघडली. दोन खाचांमध्ये कापड कोळशासारखे होऊन गळून पडले होते, तार उघडी होती. आणखी आठ-दहा फेऱ्या निघाल्या असत्या, बहुधा तितक्याही नाही. तू गेलीस म्हणून ते नऊ लोक आहेत.

मग तुमची. मला मनातून वाटत होते की खारे पाणी शिरले असेल, किंवा बॅटरीची तार सुटली असेल. तसे नाही. जेथे मी तिसरा थर काढला तेथेच ती जळाली आहे. भावोजींनी विसावा दिला नाही हे तू लिहिलेस. पण उन्हात बसलेली माणसे पाहून जो थांबतो तो तरवाला कसला? हे मला बांधतानाच कळायला हवे होते. मी पाव तासाची मोटर बांधली आणि ती अशा माणसाला दिली, जो पाव तासात थांबणारा नव्हता.

मालकांच्या सांगण्यावरून मी पुन्हा एक बांधून पाहिली, तिन्ही थर घालून. साठ रत्तल झाली आणि जोर निम्मा. निम्म्या जोराने ओहोटी तुटत नाही. म्हणजे मला जे हवे होते ते या तांब्यात आणि या कापडात नाहीच. कधीतरी न जळणारे कापड निघेल, तेव्हा कोणीतरी करील. तो मी नव्हे. मी आता पंख्यांची दुरुस्ती घेतो, घरात टांगायच्या.

मला घरी यायचे आहे. तुला तोंड कसे दाखवू हे ठाऊक नाही, तरी यायचे आहे. नको म्हणालीस तर येणार नाही आणि राग मानणार नाही.

अंबाजी


रेवदंडा,
ता. २२ सप्टेंबर १९३५

अंबाजी,

तू लिहिलंस, तू गेलीस म्हणून ते नऊ लोक आहेत. तसं पुन्हा लिहू नकोस. मी खोटं लिहिलं म्हणून ते त्या मोटरीवर बसले होते. मासूमाबायनं मागच्या महिन्यात एका गड्याबरोबर सुके बोंबील मागवले, मी पाठवले. तिने उलट खजूर पाठवला. प्रश्न मात्र तिने मागे घेतलेला नाही, आणि घेऊ नये.

मी आता रावजीच्या बायकोबरोबर मासळी सुकवते. सकाळी वाळवणावर असते, दुपारी घरी. धक्क्याकडे जात नाही.

तुला ये म्हणावं की नको म्हणावं, याचा मी आठ दिवस विचार केला. माझा राग गेलेला नाही. तुझ्यावरचाही नाही आणि माझ्यावरचाही. तो जाईपर्यंत थांब म्हटलं तर आपण दोघं म्हातारी होऊ, आणि आईबापाच्या मागे आपल्याला दुसरं कोणी नाही.

तेव्हा ये. दिवाळीआधी ये, तेव्हा समुद्र शांत असतो. मी धक्क्यावर उतरवून घ्यायला येणार नाही. वाडीतले लोक तुझ्याकडे बघतील, त्यांना तुझं तूच काय ते सांग, मी मध्ये पडणार नाही. दार उघडं असेल. पानं दोन मांडीन. तुझ्याशी बोलेन की नाही ते मला आज सांगता येत नाही, पण तू जेवत असताना समोर बसेन.

केसर